पाच गुण आणि ३८४ प्रतिसादक

आमच्याकडे वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या परिषदांचा हंगाम डिसेंबरात सुरू होतो. दिवाळीची सुट्टी संपते, सत्र परीक्षा आटोपतात आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर ब्रोशर येऊन पडायला लागतात. मार्चअखेर अनुदान खर्ची पडायला हवे असते, हेही त्यामागचे एक कारण. छत्रपती संभाजीनगरात शिकवताना मी या परिषदांना पेपर पाठवले, काही परत आले, दुसऱ्यांचे तपासले, सत्रे चालवली आणि आयोजकांच्या खोलीत बसून पाहुण्यांच्या गाड्यांची वाटही पाहिली. पीएच.डी. करणारी मुले दरवर्षी तेच प्रश्न घेऊन येतात. त्यांना तोंडी सांगतो ते इथे लिहून ठेवतो.

१. गुणांचा हिशेब आधीच करून टाका

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत परिषदेत पेपर सादर करण्याला ठरलेले गुण आहेत. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ७, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, राष्ट्रीय परिषदेला ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवरच्या परिषदेला २. आमच्या शाखेत मान्य नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाला १०. म्हणजे राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय यांत फरक दोन गुणांचा. तो भरून काढायला काठमांडूचे किंवा ढाक्याचे एखादे प्राध्यापक झूमवर वीस मिनिटे बोलले की काम होते. गावोगावच्या महाविद्यालयांत आंतरराष्ट्रीय परिषदांचे पीक का आले, याचे उत्तर या तक्त्यात आहे.

दुसरा हिशेब पीएच.डी.चा. २०१६च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध छापणे आणि दोन परिषदांत पेपर वाचणे सक्तीचे केले होते. नोव्हेंबर २०२२च्या नव्या नियमांत आयोगाने ही सक्ती काढली. तरीही निम्मे विद्यार्थी ती आहे असे धरूनच धावपळ करतात. आपल्या विद्यापीठाचा आजचा नियम काय आहे, ते पीएच.डी. विभागात जाऊन स्वतः वाचा. सिनिअरच्या सांगण्यावर जाऊ नका. गुणांचा हिशेब वहीत लिहा आणि वही मिटून ठेवा. पेपर लिहिताना ती उघडी राहिली, तर पेपर त्या तक्त्यासाठीच लिहिला जातो.

२. ‘विशेष संदर्भ : छत्रपती संभाजीनगर जिल्हा’ एवढ्याने पेपर इथला होत नाही

तपासायला येणाऱ्या पेपरांत एक ठरलेला साचा असतो. विषय जगाचा, संदर्भ अमेरिकन पाठ्यपुस्तकाचे आणि शीर्षकाच्या शेपटाला आपला जिल्हा. जिल्ह्याचे नाव खोडून तिथे लातूर लिहिले तरी एक ओळ बदलत नाही.

आणि हे अशा गावात, जिथे विषयांना तोटा नाही. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्यांची वसाहतच उभी राहिली. एन्ड्युरन्स आणि व्हेरॉक या कंपन्या त्या पुरवठादारीतून वाढल्या आणि अनुक्रमे २०१६ व २०१८ साली शेअर बाजारात उतरल्या. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर जगणारा पुरवठादार दुसरे गिऱ्हाईक कसा मिळवतो आणि जो मिळवत नाही त्याचे काय होते, हा प्रश्न जगातल्या कुठल्याही व्यवस्थापन परिषदेत ऐकून घेतला जाईल. त्याचे उत्तर देणारी माणसे चिकलठाणा आणि वाळूजच्या छोट्या शेडमध्ये आजही बसलेली आहेत.

शेजारचा जालना घ्या. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथे महिको सुरू केली; १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एका जिल्ह्याच्या गावात बियाण्यांचा उद्योग इतका का रुजला? किंवा ऑक्टोबर २०१० मधली ती दीडशे मर्सिडीजची गोष्ट. आमच्या शहरातल्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दमात दीडशे गाड्या घेतल्या, देशभर बातमी झाली. सामूहिक खरेदीत घासाघीस कोण करते, बँक कशी तयार होते, ‘आपले शहर मागास नाही’ हे दाखवण्याची किंमत माणूस किती मोजतो, असे तीन पेपर त्या एका बातमीत आहेत. आपल्याकडे मात्र ती गोष्ट लग्नाच्या पंगतीत सांगितली जाते आणि पेपर ‘ग्राहक समाधान’ या विषयावर लिहिला जातो.

३. ३८४ हा आकडा कुठून येतो ते माहीत असू द्या

मराठवाड्यातले (खरे तर देशभरातले) प्रबंध चाळले की प्रतिसादकांची संख्या ३८४ अशी वारंवार भेटते. ती आली क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७०च्या तक्त्यातून. लोकसंख्या दहा लाखांच्या घरात असेल, पाच टक्के चूक चालणार असेल आणि ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ३८४ माणसे पुरतात, असे तो तक्ता सांगतो. अट एकच: ही माणसे यादीतून यादृच्छिक पद्धतीने निवडलेली हवीत. आपल्याकडे तक्ता घेतात आणि अट विसरतात. ‘नमुना निवड : सोयीनुसार’ असे एका ओळीत लिहायचे आणि पुढच्याच ओळीत ३८४ला तक्त्याचा आधार द्यायचा. परीक्षकाला ही विसंगती पहिल्या वाचनात दिसते आणि तिथेच त्याचा विश्वास उडतो. सोयीने निवडलेली साठ माणसे असतील तर साठ लिहा, का साठ ते सांगा आणि निष्कर्षही साठ माणसांना पेलतील एवढेच काढा. असे पेपर स्वीकारले जातात. मी स्वतः स्वीकारले आहेत.

पण खरी गोम संख्येत नसून ती माणसे बोलतात कशी, यात असते. वाळूजच्या कारखान्यात गुगल फॉर्म किंवा इंग्रजी प्रश्नावली घेऊन गेलात, तर एचआरचा माणूस ती सुपरवायझरकडे देतो, सुपरवायझर लाइनवर वाटतो आणि संध्याकाळी गठ्ठा परत येतो. सगळीकडे ‘पूर्णपणे सहमत’. एका विद्यार्थ्याने आणलेल्या गठ्ठ्यात सलग कितीतरी प्रश्नावल्यांवर एकाच पेनाने, एकाच हाताने टिका मारलेल्या होत्या. त्याच्या क्रॉनबॅख अल्फाचा आकडा मात्र इतका देखणा आला होता की तो खूश होता. क्रॉनबॅखने १९५१ साली ही मोजपट्टी मांडली ती प्रश्नांचा आपसातला मेळ तपासण्यासाठी. उत्तरे एकाच माणसाने भरली, तर मेळ बसणारच!

कंत्राटी कामगाराला साहेबांबद्दल मत विचारायचे असेल तर साहेबांच्या खोलीत विचारून चालत नाही. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी इथे तो राहतो. शिफ्ट सुटल्यावर तिथल्या चहाच्या टपरीवर बसा, प्रश्न मराठीत विचारा, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्यांना हिंदीत विचारा, आणि प्रश्नावलीतले ‘ऑर्गनायझेशनल कमिटमेंट’ म्हणजे ‘दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळाले तर जाशील का?’ हे आधी स्वतःला समजू द्या. वीस लांब मुलाखतींनी जे कळते ते ३८४ टिकांनी कळत नाही. गुणात्मक संशोधन करताय म्हणजे आकडेमोड येत नाही, असे आमच्याकडे अजून काही जण मानतात. त्यांचे ऐकू नका.

४. गोषवाऱ्यात प्रस्तावना नको

अडीचशे-तीनशे शब्द मिळतात. त्यांतले पहिले शंभर ‘आजच्या जागतिकीकरणाच्या युगात’ यावर खर्च झाले, की उरलेल्यांत काही सांगता येत नाही. प्रश्न काय, माहिती कुणाकडून आणि कधी घेतली, तपासली कशी, सापडले काय, एवढेच लिहा. ‘निष्कर्षांवर चर्चा केली जाईल’ हे वाक्य दिसले की मी ओळखतो, पेपर अजून लिहिलेला नाही.

५. नाव पुसणे म्हणजे फक्त पहिले पान काढणे नव्हे

बऱ्या परिषदा लेखकाचे नाव परीक्षकाला कळू देत नाहीत आणि परीक्षकाचे लेखकाला. त्यासाठी नाव फाइलच्या गुणधर्मांतूनही काढावे लागते. वर्ड तिथे ते आपोआप लिहून ठेवते. फाइलचे नाव ‘फायनल_पाटील_२’ असले तरी बिंग फुटते. ‘लेखकाच्या यापूर्वीच्या अभ्यासात’ असे म्हणून स्वतःचाच संदर्भ दिला, तर तोच प्रकार.

जास्त गंभीर बाब माहिती देणाऱ्यांची. ‘कंपनी अ’ असे लिहायचे आणि पुढे ‘शेंद्र्यातली युरोपीय मोटार उत्पादक कंपनी’ म्हणायचे, याला गुप्तता म्हणत नाहीत. अशी कंपनी शेंद्र्यात कोणती, हे इथल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. परवानगी दिली होती ती एचआर मॅनेजरने, आणि वर्षभराने जाब विचारला जातो तोही त्यालाच.

६. पहाटे साडेतीन

अमेरिकेतली अ‍ॅकॅडमी ऑफ मॅनेजमेंट ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी संस्था, १९३६ साली स्थापन झालेली. तिची वार्षिक परिषद जुलै-ऑगस्टमध्ये भरते, पण पेपर जानेवारीत द्यावा लागतो. मुदत संपते ती तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला. पेपर संदर्भांसह चाळीस पानांत बसवावा लागतो. तिथे ‘एक दिवस वाढवून द्या, सर’ चालत नाही. आपल्याकडच्या परिषदांना मुदत वाढवण्याची इतकी सवय आहे की पहिली तारीख कुणी गांभीर्याने घेतच नाही, आणि त्या सवयीनेच आपली मुले बाहेर मार खातात. फाइल दोन दिवस आधी चढवा. पुढे वेळ असेपर्यंत ती बदलता येते.

संदर्भसूचीही त्याच दोन दिवसांत तपासा. चॅटजीपीटीने बनवलेले, अस्तित्वात नसलेले लेख मला आता नियमाने सापडतात. नाव खरे, नियतकालिक खरे, लेख मात्र कुणी लिहिलेलाच नाही. डीओआय क्रमांक टाकून प्रत्येक संदर्भ उघडून पाहा. साम्य तपासणीचेही तेच. आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते. त्याखाली यायचे म्हणून काही जण यंत्राकडून समानार्थी शब्द बदलून घेतात. अशा पेपरांत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालेले २०२१ साली फ्रान्समधल्या एका संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेकड्यांनी पकडून दाखवले. टक्केवारी उतरली, पण अब्रूही उतरली.

७. अभिप्राय आला म्हणजे कुणीतरी वाचले

ज्या महापुरुषाचे नाव आमच्या विद्यापीठाला आहे, त्यांच्या अभ्यासाच्या दोन गोष्टी मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. बाबासाहेबांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस. वर्षभराने, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. आधी जाणकारांपुढे वाचन, मग छपाई. आजची परिषद ज्या कामासाठी असायला हवी, ते काम त्या चर्चासत्राने केले. तिथे शाल-श्रीफळ नव्हते.

दुसरी गोष्ट रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाची. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये तो १९२२ साली सादर झाला आणि परीक्षकांनी सुधारून पुन्हा मागितला. बाबासाहेब भारतात परतले होते. त्यांनी इथून दुरुस्त प्रत पाठवली, १९२३ साली ती मान्य झाली आणि त्याच वर्षी पुस्तकही निघाले. त्या पुस्तकाला त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे आणि तीत कॅनन यांनी आपल्याला विद्यार्थ्याचे बरेचसे युक्तिवाद पटत नाहीत, असे उघड लिहिले आहे. तरी प्रस्तावना लिहिली. विचार ताजे आहेत, वाचण्याजोगे आहेत, म्हणून लिहिली. न पटणारा प्रबंध पुढे नेणारा गाइड आणि गाइडला न पटणारे लिहिणारा विद्यार्थी, ही जोडी आमच्याकडे क्वचित दिसते. इथे प्रस्तावना आशीर्वादाची असते.

तेव्हा ‘मेजर रिव्हिजन’ असे शब्द दिसले की आठवडाभर तोंड पाडून बसू नये. अभिप्रायातला प्रत्येक मुद्दा वेगळा लिहून काढा. त्याच्यासमोर काय बदलले आणि कुठल्या पानावर, ते लिहा. जिथे परीक्षक चुकला असे वाटते तिथे कारण देऊन तसे सांगा. एवढ्याने कुणी रागावत नाही. परीक्षकाने ‘उत्तम पेपर, स्वीकारा’ एवढेच लिहिले असेल तर मात्र तुमच्या कपाळावर आठी पडायला हवी. त्याने वाचलेला नसतो.

८. दोन दिवसांत स्वीकार झाला तर पैसे भरू नका

२००५ साली एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी संगणकाकडून अर्थहीन वाक्यांचा एक पेपर तयार करून घेतला आणि तो एका परिषदेने स्वीकारला. हसण्यावारी नेऊ नका, कारण या धंद्यातले एक बडे नाव आपल्या शेजारच्या हैदराबादचेच होते. परिषदा आणि नियतकालिके चालवणाऱ्या ‘ऑमिक्स’विरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ साली खटला भरला आणि २०१९ साली न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. गाजलेल्या प्राध्यापकांची नावे त्यांना न विचारता ब्रोशरवर छापणे, हा त्यातला एक आरोप होता.

ओळखायचे कसे? सल्लागार मंडळातल्या एखाद्याला ईमेल करून विचारा, की तुम्ही खरोखर या परिषदेत आहात का. मागच्या वर्षीच्या पेपरांची यादी मागा. वाणिज्य, नर्सिंग, स्थापत्य अभियांत्रिकी आणि योग हे सगळे एकाच परिषदेत असेल तर तिथे तुमचे पेपर समजणारा कुणी नसणार. ‘स्कोपसमध्ये छापून देऊ’ असे आधीच सांगणारा माणूस तर सरळ खोटे बोलतो. निर्णय परीक्षणानंतर व्हायचा असतो. आयोगाची ‘केअर’ यादी २०१९ पासून थोडाफार आधार देत होती, ती २०२५ साली बंद झाली. आता पारख आपली आपण करायची.

९. सहलेखकांचे गणित

सुरुवातीला सांगितलेल्या आयोगाच्या गुणांच्या नियमावलीत दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात. मी तुझ्या पेपरावर, तू माझ्या पेपरावर, असे केले की प्रत्येकाचे शंभरचे एकशे चाळीस होतात. सहलेखनाची जी लाट दिसते तिचा उगम एवढाच. ज्याने माहिती गोळा केली नाही, आकडे तपासले नाहीत, मसुदा वाचला नाही, त्याचे नाव टाकू नका. गाइडचे नाव कुठे येणार हे सिनॉप्सिसच्या वेळीच विचारून घ्या. तेव्हा विचारायला संकोच वाटतो, आणि पुढे तर विचारताच येत नाही.

१०. सादरीकरण जेवणानंतर आहे असे धरून चाला

उद्घाटन दहाचे असते. पाहुणे साडेअकराला येतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, स्मरणिकेचे प्रकाशन, बीजभाषण, आभार. तोवर दीड वाजतो. जेवण होते आणि वीस-पंचवीस पेपर दोन तासांत बसवायचे असतात, कारण चारला समारोप आहे आणि प्रमाणपत्रे तिथेच मिळतात. तुम्हाला दहा मिनिटे सांगितली असली तरी पाच मिळतील. पाच मिनिटांचे बोलणे तयार ठेवा: एक प्रश्न, एक तक्ता, एक निष्कर्ष. स्लाइडवर परिच्छेद चिकटवून ते वाचून दाखवू नका. समोर बसलेले बहुतेक जण आपल्या पाळीची वाट पाहत असतात. त्यांच्यातल्या एकाने जरी डोके वर करून प्रश्न विचारला तरी दिवस सार्थकी लागला. तो प्रश्न लिहून घ्या, विचारणाऱ्याचा नंबर घ्या.

मराठीतून पेपर वाचायचा असेल तर लाजू नका. मराठी अर्थशास्त्र परिषदेची अधिवेशने आणि तिचे ‘अर्थसंवाद’ हे त्रैमासिक इतकी वर्षे हेच करत आली आहेत, आणि तिथे प्रश्न जास्त विचारले जातात, कारण ऐकणाऱ्यांना कळलेले असते. फक्त मजकूर युनिकोडमध्ये ठेवा. कृतिदेव फॉन्टमधला पेपर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की नुसती रांगोळी दिसते.

आयोजक असलेल्या सहकाऱ्यांना एक विनंती. सत्कार तीनच ठेवा आणि वाचलेला तास प्रश्नोत्तरांना द्या. आणि पेपर लिहिणाऱ्यांना दुसरी. ज्या कारखान्याने दार उघडले, ज्या कामगारांनी शिफ्ट सुटल्यावर तासभर दिला, त्यांना निष्कर्षांचे एक पान मराठीत लिहून द्या. हवे तर एक प्रत मसिआ किंवा सीएमआयएच्या कार्यालयातही ठेवा. उद्योजकांच्या या दोन्ही संघटना इथेच आहेत. पेपर जानेवारीत वाचला असेल तर मार्चच्या आत हे करा. त्यानंतर कुणी करत नाही.